फर्दापूरच्या वाटेने आलेली जपानी नावे

जळगावकडून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी ज्या गावाजवळून वळतो, ते फर्दापूर आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात मोडते. मोगल काळातली सराई ज्या गावाने अजून जपली आहे, त्या खानदेशच्या वेशीवरच्या या मुक्कामाला लेणी पुन्हा जगापुढे आल्यापासून चित्रकारांच्या, पुरातत्त्वज्ञांच्या आणि यात्रेकरूंच्या तळाचे रूप आले. १९०९ ते १९११ या काळातल्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन यांना बरोबर घेऊन भित्तिचित्रांच्या नकला उतरवल्या, तेव्हाचा त्यांचा तळ फर्दापूरच्या बाजूलाच होता, आणि ही हकीकत मराठी वाचकाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्यानंतर सातच वर्षांनी याच वाटेने जपानी चित्रकारांची एक तुकडी आली आणि तिनेही त्याच भिंतींसमोर महिनोन्‌महिने काम केले. मात्र मराठीत तिचा उल्लेख आला तरी तो बहुधा ‘काही जपानी चित्रकार’ एवढ्यावरच थांबतो. या माणसांना नावे होती, आणि ती नावे अशा काळातली होती की, नीट वाचली तर माणसाचे घर, भावंडांतला क्रम, गुरू आणि व्यवसाय असे बरेच काही त्यांतून कळते. म्हणून या लेखाचा विषय त्या तुकडीइतकाच तिची नावे हाही आहे.

अजिंठ्याच्या भिंतींना नावे नवीन नाहीत. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरील ब्राह्मी लेखात वासिठीपुत कटहादि या दात्याने ‘घरमुख’, म्हणजे दर्शनी कमान, दान दिल्याची नोंद आहे, आणि त्यात आईच्या गोत्रावरून मुलाची ओळख सांगण्याची सातवाहनकालीन रीत स्पष्ट दिसते. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव स्वतःचे नाव कोरवून ठेवतो, तर सव्विसाव्या लेण्याचा दाता भिक्षू बुद्धभद्र हा अश्मक देशाच्या भव्विराज नावाच्या अमात्याशी असलेला आपला स्नेह लेखात नोंदवतो. आणि त्या सगळ्यांनंतर, दहाव्या लेण्यातच, २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून जॉन स्मिथ या घोडदळाच्या अधिकाऱ्याने चित्रावर ओरखडून ठेवलेले नाव आहे. जपानी तुकडीने मात्र भिंतीवर काही लिहिले नाही. तिची नावे कागदावर राहिली, आणि तो कागदही पुढे बराचसा जळाला.

ही नावे वाचायची तर आधी जपानी पुरुषनामांची जुनी व्यवस्था समजून घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या बड्या घरातल्या पुरुषाला एकाच नावावर आयुष्य काढावे लागत नसे. मूल जन्मल्यावर सातव्या रात्री, ‘ओशिचिया’ या विधीत, नाव ठेवले जाई. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी होते, तिकडे सातव्या, एवढाच फरक. हे पहिले नाव म्हणजे ‘योम्यो’, बालनाव, आणि ते बहुधा ‘मारू’, ‘मात्सु’, ‘चियो’ अशा शेवटांचे असे. मुलगा साधारण पंधरा वर्षांचा झाला की ‘गेनपुकु’ हा प्रौढत्वाचा संस्कार होई, केस वेगळ्या पद्धतीने बांधले जात, आणि त्याच वेळी त्याला ‘इमिना’, म्हणजे खरे नाव, मिळे. हे खरे नाव कनिष्ठांनी तोंडाने उच्चारायचे नाही असा दंडक होता, त्यामुळे रोजच्या हाकेसाठी ‘त्सुशो’ हे तिसरे नाव लागे. नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय न घेणाऱ्या समाजाला हा संकोच परका वाटण्याचे कारण नाही.

बालनावांमागची भीतीसुद्धा आपल्याला ओळखीची आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या जपानवर सत्ता मिळवणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशी याला उतारवयात जो मुलगा झाला त्याचे नाव ‘सुते’, म्हणजे टाकलेला, असे ठेवले गेले. ते मूल १५९१ मध्ये वारले आणि १५९३ मध्ये दुसरा मुलगा झाला तेव्हा त्याला ‘हिरोइ’, म्हणजे उचलून आणलेला, हे नाव मिळाले. तान्ह्याला नावापुरते टाकून देऊन दुसऱ्याने ते उचलून आणले की त्यावर मृत्यूची नजर पडत नाही, अशी तिकडची समजूत होती. महाराष्ट्रात ज्या घरांत मुले जगत नसत तिथे दगडू, धोंडू, केरबा, उकिर्डा ही नावे ठेवली जात, ती याच समजुतीतून; ओसाकाच्या किल्ल्यातला सत्ताधीश आणि खानदेशातला कुणबी एकाच धास्तीने आपल्या लेकरासाठी हलके नाव शोधत होते.

हाकेच्या नावांत जन्माचा क्रम सांगणारी नावे सर्वांत सरळ. ‘तारो’ किंवा ‘इचिरो’ थोरला, ‘जिरो’ दुसरा, ‘साबुरो’ तिसरा, ‘शिरो’ चौथा, ‘गोरो’ पाचवा, आणि त्यांच्या मागेपुढे एखादे अक्षर जोडून सेन्तारो, तोमितारो, योशिसाबुरो अशी असंख्य नावे बनत. पुढे पुढे हा आकडा बऱ्याच घरांत नुसता नावाचा घाट म्हणून उरला, म्हणून ‘जूरो’ या शेवटाचा शब्दशः अर्थ दहावा असला तरी तो माणूस नऊ भावांच्या पाठचा असेलच असे नाही. दुसऱ्या महायुद्धातला नौसेनापती यामामोतो इसोरोकु याच्या नावाचा अर्थ तर छप्पन्न असा आहे, कारण त्याच्या जन्माच्या वेळी वडील छप्पन्न वर्षांचे होते.

याहून अधिक विचार करायला लावणारा वर्ग दरबारी पदांवरून आलेल्या नावांचा. ‘एमोन’ हा शेवट राजवाड्याच्या दरवाजांच्या पहारेकऱ्यांच्या खात्यावरून आला, ‘बेए’ हा पहारेकरी शिपायांच्या खात्यावरून, आणि ‘सुके’ हा दुय्यम अधिकाऱ्याच्या पदावरून. पदे नाममात्र झाली, पण लोक ती नावांत घालत राहिले, आणि काही शतकांत दुकानदार आणि शेतकरीसुद्धा त्यांवरून ओळखले जाऊ लागले. मराठी मुलखातही चिटणीस, फडणीस, पोतनीस, देशमुख ही कामांची नावे काम सुटल्यावरही कुळाला चिकटून राहिली. फरक असा की आपल्याकडे पद आडनावात जाऊन बसले, तर जपानात ते माणसाच्या स्वतःच्या नावात शिरले. त्यामुळे आपल्याकडे पदाची आठवण वंशपरंपरेने आपोआप चालत राहिली आणि तिकडे ती प्रत्येक पिढीला नव्याने स्वीकारावी लागली.

खऱ्या नावांत, म्हणजे इमिनात, सहसा दोन अक्षरे असत. ही अक्षरे चिनी लिपीतून घेतलेली असतात, त्यांना ‘कान्जी’ म्हणतात, आणि प्रत्येक अक्षराला अर्थ असतो व साधारणपणे दोन प्रकारची वाचने असतात: एक देशी जपानी शब्दाचे, दुसरे चिनी उच्चारावरून आलेले. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अक्षराला ‘त्सुजी’ म्हणत, आणि तोकुगावा घराण्याच्या पंधरा शोगुनांपैकी, म्हणजे लष्करी सत्ताधीशांपैकी, अकरा जणांच्या नावांत ‘इए’ हे अक्षर आहे. पेशव्यांच्या घरात बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हा बाळाजी होतो, म्हणजे आजोबाचे अख्खे नाव परत येते; जपानी घराण्यात अर्धे नाव परत येते आणि अर्धे नवे असते. मालकाने चाकराला, किंवा गुरूने शिष्याला, आपल्या नावातले एक अक्षर देणे हा मोठा मान समजला जाई. तोकुगावांचा पहिला शोगुन इएयासु तरुणपणी इमागावा योशिमोतो या सरदाराच्या छत्राखाली वाढला, तेव्हा योशिमोतोच्या नावातले ‘मोतो’ घेऊन तो आधी मोतोनोबु आणि मग मोतोयासु झाला. १५६० मध्ये योशिमोतो लढाईत मारला गेला आणि तीन वर्षांनी शिष्टाचाराने मिळालेले ते ‘मोतो’ टाकून त्याने इएयासु हे नाव घेतले. राजनिष्ठा बदलल्याची घोषणा एका अक्षराने केली गेली.

ही सारी व्यवस्था मेइजी राजवटीने, म्हणजे १८६८ नंतरच्या नव्या सरकारने, काही वर्षांत मोडून काढली. १८७० मध्ये सामान्य रयतेला आडनाव लावायची मुभा मिळाली, १८७२ मध्ये एका माणसाला एकाहून अधिक अधिकृत नावे ठेवायला आणि मनाला येईल तेव्हा नाव बदलायला बंदी आली, आणि १८७५ मध्ये आडनाव सक्तीचे झाले. करवसुली, सैन्यभरती आणि शाळा यांसाठी सरकारला प्रत्येक माणूस एका नावाखाली हवा होता. तरीही एका वर्गाने जुनी सवय सोडली नाही, तो म्हणजे चित्रकार, कवी, नट आणि भिक्षूंचा. त्यांच्या ‘गागो’ला, म्हणजे कलेसाठी घेतलेल्या नावाला, सरकारी नोंदीत जागा नव्हती, पण समाजात तीच त्यांची ओळख होती. अजिंठ्याला आलेले बहुतेक जपानी याच वर्गातले, आणि नव्या कायद्याच्या पहिल्या पिढीतले असल्यामुळे त्यांच्याजवळ सरकारी नाव एक आणि खरी ओळख दुसरी, अशी दुहेरी स्थिती होती. मराठीतल्या आणि इंग्रजीतल्या नोंदींत त्यांची नावे विस्कटतात याचे मोठे कारण हेच आहे.

जपानी माणसे या भागात चित्रांच्या आधी कापसासाठी आली. ‘निप्पोन यूसेन’ या जहाज कंपनीने १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने कोबे ते मुंबई अशी जलवाहतूक सुरू केली आणि ‘हिरोशिमा मारू’ हे पहिले जहाज सुटले. जहाजांच्या नावाअखेरचे ‘मारू’ हेच बालनावांतही येते, हे साम्य जपानी भाषेत फार जुने आहे. खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस त्या जहाजांतून ओसाकाच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. अजिंठ्याचे महत्त्व जपानी विद्वानांना मात्र वेगळ्या कारणाने वाटत होते. नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिराच्या मुख्य सभागृहातली सातव्या-आठव्या शतकातली भित्तिचित्रे आणि अजिंठ्याची चित्रे यांच्यात नाते आहे, विशेषतः तिथल्या बोधिसत्त्वाच्या आकृतीत आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीत, अशी त्यांची धारणा होती, आणि हे नाते तपासणे म्हणजे आपल्या कलेच्या मुळाशी जाणे असे ते मानत.

या धारणेला आवाज देणारे पहिले नाव ओकाकुरा काकुझो यांचे, जे १९०२ मध्ये भारतात आले, विवेकानंदांना आणि ठाकूर घराण्याला भेटले, आणि अजिंठा-वेरूळ पाहून गेले. त्यांचे वडील कान्एमोन हे फुकुइ संस्थानाचे सामुराई, पण संस्थानाच्या वतीने योकोहामा बंदरात रेशमाचे दुकान चालवत, म्हणजे दरवाजावरच्या पहारेकऱ्याचे ‘एमोन’ इथे एका रेशीमविक्याच्या नावात आले होते. १८५९ मध्ये खुल्या झालेल्या या नव्या बंदरातच मुले वाढली, आणि त्यांच्या नावांत ते बंदर उमटले आहे. थोरल्याचे नाव कोइचिरो, ज्यातले पहिले अक्षर बंदर या अर्थाचे. १८६३ च्या आरंभी जन्मलेल्या दुसऱ्याचे नाव काकुझो, आणि ते सुरुवातीला ज्या दोन अक्षरांनी लिहिले जाई त्यांचा अर्थ ‘कोपऱ्यावरचे कोठार’ असा होता, कारण त्याचा जन्म दुकानाच्या कोपऱ्यावरल्या कोठारात झाला. धाकटा योशिसाबुरो, जो पुढे इंग्रजीचा नामांकित अध्यापक झाला, त्याच्या नावात तिसऱ्या मुलाचे ‘साबुरो’ आहे.

कोठाराच्या नावाने जन्मलेल्या काकुझोने मोठेपणी उच्चार तोच ठेवून अक्षरे बदलली. नव्या अक्षरांतले पहिले ‘काकु’ म्हणजे जागृत होणे, बोध होणे, आणि चिनी बौद्ध ग्रंथांत ‘बुद्ध’ या शब्दाचा अर्थ याच अक्षराने सांगितला जातो. नाव उच्चारताना घरच्यांना काहीच फरक जाणवला नसेल, पण कागदावर व्यापाऱ्याच्या कोठाराचे बोधात रूपांतर झाले, आणि हे जपानी नामव्यवस्थेतच शक्य होते. त्यांचे कलानाम तेन्शिन जपानात अधिक रूढ झाले ते मुख्यतः त्यांच्या मृत्यूनंतर. १९०३ मध्ये लंडनहून त्यांचा ‘आयडियल्स ऑफ द ईस्ट’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, जो बराचसा भारतातल्या मुक्कामात लिहिला गेला, त्याच्या शीर्षकपानावर लेखकाचे नाव ‘काकासु ओकाकुरा’ असे छापले गेले. आशियाची कला एक आहे असे ठामपणे मांडणाऱ्या माणसाचे नाव त्याच्याच पुस्तकावर बिघडलेले राहिले.

ओकाकुरांच्या पाठोपाठ १९०३ मध्ये कोलकात्याला आलेल्या दोन चित्रकारांचा उल्लेख इथे नावांसाठी करावा लागतो. योकोयामा ताइकान हे जन्माने साकाइ हिदेझो. पुढे ते हिदेमात्सु झाले, मग हिदेमारो, आणि आईच्या घराण्यात दत्तक गेल्यावर आडनावही बदलले, म्हणजे ताइकान या नावाने जग ज्यांना ओळखते त्यांची किमान चार नावे होती. त्यांचे सोबती हिशिदा शुन्सो यांचे घरचे नाव मिओजी, आणि त्यातली अक्षरे ‘तिसरा मुलगा’ हेच सांगतात.

फर्दापूरच्या वाटेने आलेल्या तुकडीचे प्रमुख चित्रकार आराई काम्पो. १८७८ मध्ये तोचिगी प्रांतातल्या उजिइए गावी जन्मलेल्या या चित्रकाराचे सरकारी नाव आराई कान्जूरो. तरुणपणी ते तोक्योला मिझुनो तोशिकाता यांच्या हाताखाली शिकले, आणि त्यांचे कलानाम बनले ते असे: स्वतःच्या कान्जूरोमधले ‘कान्’ हे अक्षर पुढे, आणि गुरूच्या तोशिकातामधले ‘काता’ हे अक्षर मागे. मात्र शिष्याच्या नावात ‘काता’ या अक्षराचे देशी वाचन सोडून चिनी वाचन घेतले गेले, म्हणून ते ‘हो’ झाले, आणि ‘कान्’ला जोडताना ‘पो’. अशा रीतीने कान्जूरो आणि तोशिकाता यांच्या जोडणीतून काम्पो हा उच्चार निघाला, ज्यात गुरूचे नाव कानाला ऐकू येत नाही पण डोळ्याला दिसते. तोशिकातांचे इतर शिष्य काबुराकी कियोकाता आणि इकेदा तेरुकाता यांच्या नावांत तेच अक्षर ‘काता’ असेच वाचले जाते. एका गुरूची मुले नावाच्या शेवटावरून ओळखता येत.

ही साखळी आणखी मागे जाते. तोशिकातांच्या नावातले ‘तोशि’ त्यांचे गुरू त्सुकिओका योशितोशी यांच्या नावातून आले. योशितोशींना ‘योशि’ मिळाले ते उतागावा कुनियोशींकडून, कुनियोशींना ‘कुनि’ तोयोकुनींकडून, आणि तोयोकुनींना ‘तोयो’ या परंपरेचे मूळ पुरुष उतागावा तोयोहारू यांच्याकडून. अठराव्या शतकातल्या छापील लाकडी ठशांच्या चित्रांपासून अजिंठ्याच्या लेण्यांत उभ्या राहिलेल्या चित्रकारापर्यंत अशी सहा जणांची गुरुपरंपरा एकेका अक्षराच्या दुव्याने जोडलेली आहे. आपल्याकडे हिंदुस्थानी संगीतात घराण्याचे नाव बहुधा गावावरून पडते आणि गायकाच्या स्वतःच्या नावात गुरूचा मागमूस नसतो. काम्पोंच्या जगात गुरू शिष्याच्या नावातच कायमचा वस्तीला येई. जपानी पुरुषनामांच्या इतिहासात याहून सुंदर प्रथा क्वचितच सापडेल.

काम्पो १९०२ पासून ‘कोक्का’ या कलानियतकालिकासाठी जुन्या चित्रांच्या नकला करत असत, त्यामुळे दुसऱ्याच्या रेषेला आपला हात वाहून देणे ही त्यांची रोजची साधना होती. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले आणि योकोहामात हारा तोमितारो यांच्याकडे उतरले, तेव्हा शिमोमुरा कान्झान यांचे एक चित्र त्यांना इतके भावले की त्याची नक्कल हवी अशी इच्छा त्यांनी दर्शवली, आणि ती काम्पोंनी केली. या एका प्रसंगातल्या तीन पुरुषांच्या नावांत तीन रीती दिसतात: रेशमाचे व्यापारी तोमितारो हे आओकी घरातले थोरले, म्हणून ‘तारो’, पण लग्नानंतर पत्नीच्या हारा घराण्यात दत्तक गेल्याने आडनाव सासरचे, कान्झान यांचे घरचे नाव सेइझाबुरो, म्हणजे त्यांच्या नावात तिसऱ्याचा आकडा, आणि काम्पोंच्या नावात त्यांचे गुरू. या ओळखीतून ठाकुरांनी काम्पोंना जोडासाँकोच्या ‘विचित्रा’ या कलासंस्थेत चित्रकला शिकवायला बोलावले, आणि ते त्याच वर्षी भारतात आले.

पुढे ‘कोक्का’च्या वतीने अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याचे ठरले आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात ते काम झाले. अभ्यासाची जबाबदारी क्योतो विद्यापीठाचे कलेतिहासकार सावामुरा सेन्तारो यांच्याकडे होती, आणि काम्पोंच्या जोडीला किरितानी सेन्रिन, आसाइ कान्पा आणि नोउसु कोसेत्सु हे चित्रकार होते. सेन्तारो हे साधे, घरचे, ‘तारो’ शेवटाचे नाव असले तरी त्यांचेही दुसरे नाव होते: कवी म्हणून ते सावामुरा कोइ, आणि क्योतोच्या तिसऱ्या उच्च विद्यालयाचे अतिशय लोकप्रिय वसतिगृहगीत त्यांचे आहे. विद्वान म्हणून एक नाव आणि कवी म्हणून दुसरे, हे केशवसुत आणि गोविंदाग्रज यांच्या मराठीला नवे नाही.

त्या वेळी लेणी निजामाच्या मुलखात होती. ब्रिटिश खानदेशातल्या जळगावपर्यंत रेल्वेने यायचे, तिथून सुमारे साठ किलोमीटर खडखडत फर्दापूरला पोहोचायचे, आणि पुढे वाघूर नदीच्या खोऱ्यातून लेण्यांकडे. आत उजेड अपुरा, चित्रांवर जुन्या वार्निशचा पिवळा थर, छतांवर वटवाघळे, अशा स्थितीत रंगाची एकेक छटा ठरवावी लागे. जपानी चित्रकारांना अजिंठ्याच्या रेषेत आपल्या कुंचल्याची ओळख पटली, आणि प्रकाशछायेवर भर देणाऱ्या युरोपीय शिक्षणातल्या नकलांपेक्षा त्यांचा कल रेषेकडे राहिला. या दृष्टीने पाहता एकोणिसाव्या शतकात इथल्या नकला करणारे मेजर गिल आणि ग्रिफिथ्स यांच्यानंतरच्या नकलांमध्ये हेरिंगहॅम आणि जपानी तुकडीचे काम एकमेकांजवळ बसते.

पण जपानी तुकडीचे हे काम आज बहुतेक पाहायला मिळत नाही. गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या अनेक नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या, आणि तोक्यो विद्यापीठात ठेवलेल्या जपानी नकला १ सप्टेंबर १९२३ च्या कान्तो भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. लेण्यांतला मूळ रंग पंधराशे वर्षे टिकला आणि त्याच्या तीन पिढ्यांच्या प्रतिकृती शंभर वर्षांच्या आत राख झाल्या, ही हानी भारताची तितकीच जपानची. त्या तुकडीतले कोसेत्सु मात्र अजिंठ्याचा संस्कार घेऊन पुन्हा भारतात परतले, आणि सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात १९३२ ते १९३६ या काळात त्यांनी बुद्धचरित्राची भित्तिचित्रे रंगवली, जी आजही तिथे पाहता येतात.

काम्पोंनी उर्वरित आयुष्यातही नकलांची कास सोडली नाही. १९४० मध्ये होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवण्याचे सरकारी काम सुरू झाले, त्यात चार गटप्रमुखांपैकी ते एक होते, आणि एप्रिल १९४५ मध्ये युद्धाच्या धामधुमीत त्याच कामासाठी नाराकडे निघाले असता वाटेतच त्यांचे निधन झाले. दुसरे एक गटप्रमुख हाशिमोतो मेइजी. हे त्यांचे कलानाम नव्हते, १९०४ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराला त्या वेळच्या राजयुगाचेच नाव ठेवले गेले होते. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजीच्या सभागृहाला आग लागली आणि मूळ भित्तिचित्रे होरपळून गेली, तेव्हा या गटांनी केलेल्या नकला हाच मोठा आधार राहिला. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारसा रक्षणाचा कायदा केला. अजिंठ्याच्या बाबतीत मूळ राहिले आणि नक्कल गेली, होर्यूजीच्या बाबतीत उलटे झाले, आणि दोन्ही ठिकाणी काम्पोंचा हात होता. त्यांचे गाव आता साकुरा शहरात सामील झाले असून तिथल्या संग्रहालयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

युद्धानंतर फर्दापूरला येणारी जपानी नावे बदलली, कारण खुद्द जपानातली नावे बदलली होती. १९२६ च्या अखेरीस शोवा राजयुग सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी जन्मलेल्या मुलांसाठी ‘शोजी’ हे नाव, ज्यात युगाचे पहिले अक्षर आणि दोनचा आकडा आहे, सर्वांत लोकप्रिय ठरले; युद्धाच्या वर्षांत विजयाचा अर्थ असलेले ‘मासारू’ वर आले. १९४८ च्या नव्या नोंदणी कायद्याने नावांत कोणती अक्षरे वापरता येतील याला मर्यादा घातली, आणि एकाक्षरी, तीन स्वरावयवांची नावे, म्हणजे हिरोशी, ताकाशी, मिनोरू अशी, सर्वत्र दिसू लागली. मराठेशाहीच्या समाजव्यवस्थेचा पेशवे दफ्तरातून अभ्यास करणारे फुकाझावा हिरोशी, ज्यांचा मध्ययुगीन दख्खनवरील लेखसंग्रह १९९१ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झाला, हे याच प्रकारच्या नावाचे. ‘हिरोशी’ हा उच्चार डझनावारी वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येतो, त्यामुळे देवनागरीत नाव अचूक उतरवले तरी त्याचा अर्थ कळत नाही. याच अडचणीमुळे जपान सरकारने मे २०२५ पासून कुटुंबनोंदीत प्रत्येक नावाचा उच्चारही नोंदवणे सुरू केले.

अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनविकासासाठी जपानने १९९२ मध्ये ३७४ कोटी ५० लाख येन आणि २००३ मध्ये ७३३ कोटी १० लाख येन कर्जरूपाने दिले. फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी वाहने थांबवून तिथून लेण्यांपर्यंत बस चालवण्याची व्यवस्था आणि १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले पर्यटक केंद्र ही त्या योजनेची फळे. नकला करण्यासाठी आलेल्या माणसांच्या वाटेवरच पुन्हा नकला उभ्या राहिल्या, पण त्या केंद्रात काम्पो आणि त्यांच्या सोबत्यांची नावे योग्य अक्षरांनी आणि योग्य उच्चारांनी लिहिलेला एक फलक लावणे हे आपल्यावरचे साधे ऋण आहे.

मराठी मुलखाने एका जपानी पुरुषनामाला मात्र पूर्णपणे आपले केले. ओकायामा प्रांतात १९३५ मध्ये जन्मलेल्या ससाई मिनोरू यांनी भिक्षू होताना माउंट ताकाओच्या मठातले आपले गुरू यामामोतो शूजुन यांच्या नावातले ‘शू’ हे अक्षर घेतले आणि ते शूरेइ झाले. काम्पोंच्या नावामागची जुनी रीत इथे विहारात टिकून होती. १९६० च्या दशकात ते नागपूरला आले, डॉ. आंबेडकरांच्या धम्मक्रांतीच्या अनुयायांत मिसळून गेले, आणि १९८८ मध्ये त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. शूरेइ या नावाचे मराठीत ‘सुरई’ झाले, आणि त्याच्या पुढे आर्य नागार्जुन हे भारतीय नाव लागले. दीक्षाभूमीवर जमणाऱ्या लाखो लोकांसाठी ते भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई आहेत, ज्यात एक अक्षर जपानी गुरूकडून आले, एक नाव दक्षिण भारताच्या आचार्याचे, आणि आडनाव, जे जपानी रीतीने खरे तर सुरुवातीला यायचे, ते आपल्या रीतीप्रमाणे शेवटी येऊन बसले आहे.